हस्तकलेवरचे पहिले पुस्तक आणि प्रकाशकाचा शोध : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपूर आणि आसपासच्या जिल्ह्यांतून गोधडी, भरतकाम, क्रोशे, बांबूकाम, मातीकाम अशा विषयांवर पुस्तक लिहू पाहणारे अनेक जण प्रकाशकासंबंधी जवळजवळ सारखेच प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. कविता किंवा कादंबरीच्या प्रकाशनाला लागू पडणाऱ्या बऱ्याच गोष्टी कृतीच्या, म्हणजे एखादी वस्तू कशी करायची हे शिकवणाऱ्या, पुस्तकाला लागू पडत नाहीत, म्हणून ही उत्तरे मुद्दाम कृतीच्या पुस्तकापुरतीच ठेवली आहेत.

आता सगळे जण व्हिडिओ पाहून शिकतात. हस्तकलेचे पुस्तक काढायला मराठीत प्रकाशक तयार होतो का?

होतो. पाककृती, विणकाम, भरतकाम, रांगोळी, चित्रकला यांवरची पुस्तके मराठीत दीर्घकाळ खपत आली आहेत. पुण्याच्या ज्योत्स्ना प्रकाशनाची चित्रकलेची पुस्तके आणि रोहन प्रकाशनाची पाककृतींची पुस्तके ही त्याची परिचित उदाहरणे होत. प्रकाशक अशा पुस्तकाला बिचकतो ते विषयामुळे नव्हे. चित्रांमुळे छपाईचा खर्च वाढतो, त्यामुळे किंमत वाढते, आणि वाढलेल्या किमतीला पुस्तक नक्की कोण घेणार हे त्याला दिसत नाही, हे खरे कारण असते. तेव्हा त्याला पटवून द्यायचे ते एवढेच की व्हिडिओ जे देऊ शकत नाही ते आपले पुस्तक देते : एका नजरेत दिसणारी मापे, पूर्ण आकारात छापलेले नमुने, साहित्याचे तक्ते, आणि दोन्ही हात कामात गुंतलेले असताना समोर शांतपणे उघडे राहणारे पान.

आधी संपूर्ण हस्तलिखित तयार करावे, की आधी प्रकाशकाशी बोलावे?

आधी अर्धे काम करावे, मग बोलावे. अर्धे म्हणजे संपूर्ण अनुक्रमणिका, प्रत्येक प्रकरणात काय येणार याचा चार-पाच ओळींचा आराखडा, आणि चित्रांसह अगदी छापण्याजोगे झालेले एक प्रकरण. मराठीतील बरेच प्रकाशक पूर्ण हस्तलिखित मागतात आणि मजकुरापुरते ते योग्यही आहे. परंतु छायाचित्रे आणि आकृत्या आधीच सगळ्या करून ठेवणे हे कृतीच्या पुस्तकात नुकसानीचे ठरते. पुस्तक डेमी आकाराचे निघणार की क्राउन (हे छपाईतले पुस्तकाचे ठरलेले आकार), रंगीत की एकरंगी, हे प्रकाशक ठरवतो, आणि त्यावर चित्र आडवे हवे की उभे, एका पानावर किती बसवायची, हे सगळे अवलंबून असते.

मराठीत साहित्यिक एजंटची पद्धत रुळलेली नाही. लेखक थेट प्रकाशकाकडे जातो, आणि त्यात संकोच करण्याचे काही कारण नाही.

नागपूरचाच प्रकाशक पाहावा, की पुण्या-मुंबईचा?

गावावरून ठरवू नये, पुस्तकांच्या यादीवरून ठरवावे. सीताबर्डीवरच्या पुस्तकांच्या दुकानांत एक संपूर्ण दुपार काढावी. आपल्या विषयाच्या जवळची जेवढी पुस्तके मिळतील तेवढी हातात घ्यावीत आणि प्रत्येकाचे हक्कपृष्ठ वाचावे. प्रकाशक कोण, पहिली आवृत्ती कधीची, पुनर्मुद्रणे किती, आकृत्या कोणाच्या, हे सारे त्या एका पानावर असते. दहा-बारा वर्षांत ज्याच्या गोधडीच्या किंवा भरतकामाच्या पुस्तकाची तीन-चार पुनर्मुद्रणे झाली आहेत, त्या प्रकाशकाला असे पुस्तक विकता येते याचा पुरावा तेथेच मिळतो. त्यानंतर पुस्तक टेबलावर उघडून ठेवावे आणि हात काढून घ्यावा. ते आपोआप मिटत असेल, तर त्या प्रकाशकाने कृतीच्या पुस्तकाचा विचार केलेला नाही असे समजायला हरकत नाही. दोऱ्याने शिवलेल्या बांधणीचे पुस्तक बरेच सपाट उघडते. नुसत्या गोंदाने चिकटवलेले, विशेषतः जाड कागदाचे, पुन्हा मिटू पाहते, आणि जोर लावून उघडले की पाने सुटतात.

नागपूरच्या प्रकाशकाचा मोठा फायदा म्हणजे भेट होते. आकृत्यांची मांडणी, रंगांचे प्रूफ, मुखपृष्ठ या गोष्टी समोरासमोर बसून जितक्या चांगल्या होतात तितक्या फोनवर होत नाहीत. विजय प्रकाशन, आकांक्षा प्रकाशन यांसारख्या नागपुरातील संस्थांच्या याद्या जरूर पाहाव्यात. पुण्या-मुंबईच्या मोठ्या प्रकाशकाकडे वितरणाचे जाळे मोठे असते, पण दरसाल निघणाऱ्या पुस्तकांच्या गर्दीत पहिल्या लेखकाचे पुस्तक मागे पडण्याचा धोकाही तेथेच अधिक असतो. माझे मत विचाराल, तर विदर्भाच्या मातीतला विषय असेल, म्हणजे करवतकाठी (करवतीसारख्या दातेरी किनारीचे विणकाम), टसर रेशीम, गडचिरोली-चंद्रपूरचे बांबूकाम असे काही, तर पहिला प्रस्ताव नागपुरातच द्यावा. क्रोशे किंवा कागदकामासारखा सर्वत्र चालणारा विषय असेल तर सुरुवातीपासूनच नजर लांब ठेवावी.

प्रस्तावात नेमके काय लिहावे?

दोन पानांचे पत्र पुरते. पुस्तक कोणासाठी आहे हे पहिल्याच परिच्छेदात यावे, आणि तेथे "सर्वांसाठी उपयुक्त" असे लिहू नये. "सुईदोरा हातात धरता येणाऱ्या, परंतु गोधडी कधीही न शिवलेल्या वाचकासाठी" असे लिहिले की प्रकाशकाच्या डोळ्यांसमोर माणूस उभा राहतो. पुढे बाजारात असलेल्या दोन-तीन पुस्तकांची नावे देऊन आपले पुस्तक त्यांच्यापेक्षा कशात वेगळे आहे ते सांगावे. त्या पुस्तकांची निंदा मात्र करू नये, कारण त्यांपैकी एखादे त्याच प्रकाशकाचे असू शकते. अंदाजे शब्दसंख्या, आकृत्या व छायाचित्रे किती, त्यांपैकी रंगीत अपरिहार्य किती, आणि आपण वर्ग किंवा कार्यशाळा घेत असाल तर त्यांचे स्वरूप, हे द्यावे. पुरस्कारांची यादी शेवटी दोन ओळींत पुरे.

हस्तलिखित तयार आहे हे कसे ओळखावे?

या प्रश्नावर थोडे थांबतो, कारण माझ्या दृष्टीने बाकी सगळ्याचा पाया हाच आहे. कृतीचे पुस्तक तयार झाले, असे तेव्हाच म्हणता येते जेव्हा एखादी अनोळखी व्यक्ती लेखकाला एकही प्रश्न न विचारता, केवळ पान वाचून, ती वस्तू तयार करते. लेखकाच्या हातात किती कसब आहे हे प्रकाशकाला फारसे तपासता येत नाही. पण त्याच्या घरच्या कोणी आपले नमुना प्रकरण वाचून खरोखर एक लहानशी गोधडी शिवली, तर त्याला दुसऱ्या शिफारशीची गरज राहत नाही.

एक उदाहरण जवळून पाहू. गोधडीवरच्या हस्तलिखितांत हमखास आढळणारे वाक्य असे असते : "थर नीट पसरून कच्चे टाके घालावेत व नंतर जवळजवळ धावदोरा घालत जावे." ज्याने आजीच्या शेजारी बसून गोधडी शिवली आहे त्याला हे वाक्य पुरते. नवख्याला मात्र यातले काहीच कळत नाही. थर कशावर पसरायचे? किती? कच्चे टाके कोठून सुरू करायचे? जवळजवळ म्हणजे किती जवळ? तेच वाक्य असे लिहिता येते : "जमिनीवर सतरंजी अंथरून तिच्यावर खालचे लुगडे उलटी बाजू वर करून पसरावे व चारही कोपऱ्यांवर वजन ठेवावे. त्यावर आतले थर एकेक करून पसरावेत आणि प्रत्येक थर मध्यापासून कडेकडे तळहाताने सारखा करावा. वरचे लुगडे सुलटे घालून झाल्यावर मध्यापासून कडेपर्यंत, वीतभर अंतराच्या ओळींत, मोठे कच्चे टाके घालावेत. पक्का धावदोरा एका इंचात पाच ते सहा टाके येतील इतका बारीक असावा. दोरा ओढल्यावर कापडावर चुणी पडली, तर दोरा तोडू नये. सुईच्या नेढ्याकडच्या टोकाने मागचे दोन-तीन टाके सैल करून चुणी मोडावी."

शेवटचे वाक्य सर्वांत मोलाचे आहे. चूक कोठे होते आणि झाली तर ती कशी सुधारायची, हे वर्गात शिकवणाऱ्या व्यक्तीला रोज दिसते आणि लिहिताना नेमके तेच राहून जाते. म्हणून तीन वाचक निवडावेत : एक अगदी नवखा, एक थोडेफार येणारा, एक त्याच कामात मुरलेला. त्यांना प्रकरण आणि साहित्य द्यावे, स्वतः त्या खोलीत असल्यास तोंड बंद ठेवावे, आणि त्यांचे हात जेथे थांबतात तेथे पानावर खूण करावी. प्रत्येक खूण म्हणजे पुन्हा लिहायचे एक वाक्य. घरच्या माणसांना शक्यतो या कामाला बसवू नये. त्यांनी आपल्याला शिवताना पाहिलेले असते, त्यामुळे पानावर नसलेले त्यांना आधीच ठाऊक असते.

छायाचित्रे स्वतः काढली तर चालतील का? की आकृत्या काढून घ्याव्यात?

हाताची पकड, टाक्याची दिशा, बांबूची कामटी (पट्टी) कोणत्या कामटीखालून जाते, हे रेषाचित्रात अधिक स्वच्छ दिसते; कापडाचा पोत, रंगसंगती आणि तयार वस्तू छायाचित्रात. चांगल्या पुस्तकात दोन्ही लागतात. मोबाइलवर काढलेले छायाचित्रही छपाईला चालते, मात्र छापल्या जाणाऱ्या आकारात ते ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके) भरले पाहिजे, आणि मूळ फाइल द्यावी. व्हॉट्सअ‍ॅपवरून गेलेले चित्र आकसून गेलेले असते. नागपूरच्या उन्हाळ्यातील दुपारचा प्रकाश टाके सपाट करून टाकतो. सकाळी खिडकीतून तिरका येणारा उजेड घ्यावा, म्हणजे टाक्यांची सावली पडते आणि पोत दिसतो.

खर्चाच्या बाबतीत एक गोष्ट ठाऊक असावी. पुस्तक फॉर्मच्या हिशेबात छापले जाते आणि एक फॉर्म बहुधा १६ पानांचा असतो. रंगीत चित्रे सगळ्या पुस्तकभर विखुरली, तर सगळेच फॉर्म चार रंगांत छापावे लागतात. तीच चित्रे एका किंवा दोन फॉर्ममध्ये एकत्र आणली, तर खर्च बराच उतरतो. "कृतीच्या आकृत्या एकरंगी, तयार वस्तूंची १६ रंगीत पाने मध्ये" असा प्रस्ताव घेऊन जाणाऱ्या लेखकाकडे प्रकाशक वेगळ्या नजरेने पाहतो.

मजकूर कोणत्या फाँटमध्ये द्यावा?

युनिकोडमध्ये. अक्षरजुळणी करणारा पुढे श्रीलिपी किंवा अन्य फाँट वापरणार असेल तर रूपांतर तो करून घेईल. त्यानंतर मात्र जोडाक्षरे आणि मापांचे आकडे प्रूफात पुन्हा तपासावेत. कादंबरीत एक अंक चुकला तर चालून जाते, येथे कापड वाया जाते.

प्रकाशक पैसे मागतो. द्यावेत का?

सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि त्याचे उत्तर सरळ द्यायला हवे. प्रकाशक म्हणजे जो स्वतःचे भांडवल गुंतवतो तो. लेखकाकडून संपूर्ण खर्च घेऊन पुस्तक काढणे ही एक सेवा आहे. ती प्रामाणिक असू शकते, परंतु तिला निवड म्हणता येत नाही. अशी सेवा घ्यायची असेल तर तिचा हिशेब सेवेसारखाच मागावा : अक्षरजुळणी, मुद्रितशोधन, आकृत्या, मुखपृष्ठ, कागद, छपाई, बांधणी यांचे वेगवेगळे दर, छापलेल्या सर्व प्रती कोणाच्या मालकीच्या, विक्रीचे पैसे कोणाला, आणि छपाईच्या तयार फाइली लेखकाला मिळणार की नाही. या प्रश्नांना लेखी उत्तर न मिळाल्यास तेथून उठावे.

मधला एक मार्ग मराठीत प्रचलित आहे. लेखक ठरावीक प्रती सवलतीत विकत घेण्याची हमी देतो. आपण नियमित वर्ग घेत असाल आणि त्या प्रती विद्यार्थ्यांकडे खरोखर जाणार असतील, तर हा व्यवहार वाईट नाही. घरातल्या दिवाणाखाली गठ्ठे पडून राहणार असतील तर करू नये.

करारात काय पाहावे?

करार लेखी हवा, हे आधी. प्रताधिकार (कॉपीराइट) कायदा, १९५७ नुसार हक्कांचे हस्तांतरण लेखी आणि स्वाक्षरीनिशी असावे लागते. त्याच कायद्याच्या कलम १९ मध्ये लेखकाच्या बाजूच्या काही तरतुदी आहेत ज्यांची बहुतेक नवलेखकांना कल्पना नसते. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते. प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता समजला जातो. आणि हक्क मिळाल्यापासून वर्षभरात प्रकाशकाने ते वापरले नाहीत, तर करारात वेगळे काही म्हटलेले नसल्यास ते हस्तांतरण संपुष्टात येते. "सर्व हक्क कायमस्वरूपी प्रकाशकाधीन" असे वाक्य दिसले तर ते खोडून मुदत घालायला सांगावे. प्रताधिकार लेखकाच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षे टिकतो. एवढ्या काळाचा हक्क एका ओळीत देऊन टाकू नये.

मानधनाबाबत, पहिल्या पुस्तकाला सुमारे १० टक्के ही रुळलेली पद्धत आहे, पण ते कशावर मोजायचे हे करारात स्पष्ट हवे. पुस्तकाची छापील किंमत ३०० रुपये असेल आणि विक्रेत्याला ४० टक्के सूट दिली जात असेल, तर छापील किमतीवर एका प्रतीमागे ३० रुपये मिळतात आणि प्रत्यक्ष आलेल्या रकमेवर १८. हिशेब वर्षातून एकदा लेखी मिळावा. ई-पुस्तक, अनुवाद आणि व्हिडिओ अभ्यासक्रम यांचे हक्क वेगवेगळे लिहावेत. नागपुरात हिंदी वाचणारा वर्ग मोठा आहे आणि आपल्या पुस्तकाची हिंदी आवृत्ती निघणे ही दूरची गोष्ट नाही, म्हणून अनुवादाचा हक्क सहजासहजी सोडू नये.

छायाचित्रांच्या हक्काचाही विचार करावा. मोबदला देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राचा हक्क, वेगळा करार नसल्यास, काढून घेणाऱ्याकडे राहतो. परंतु भाच्याने किंवा मैत्रिणीने हौसेने काढून दिलेल्या छायाचित्राचा हक्क काढणाऱ्याचाच असतो. चार ओळींची लेखी परवानगी घेऊन ठेवली की पुढे नात्यात कटुता येत नाही.

पारंपरिक नमुने पुस्तकात देता येतात का? आणि माझे नमुने कोणी उचलले तर?

टाका घालण्याची पद्धत, टोपली विणण्याची रीत यांवर कोणाचाच प्रताधिकार नसतो. आपला मजकूर, आपल्या आकृत्या आणि छायाचित्रे यांना मात्र तो असतो, आणि त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. याचा अर्थ असा, की आपले पुस्तक वाचून कोणी तशी गोधडी शिवून विकली तर तक्रार करता येत नाही. आपली आकृती जशीच्या तशी छापली तर करता येते. दुसऱ्याच्या पुस्तकातील किंवा इंटरनेटवरील आकृती "थोडी बदलून" घेणे आपणही टाळावे.

कायद्यापलीकडची एक बाब मला त्याहून महत्त्वाची वाटते. चंद्रपूरच्या बुरूड कारागिराकडून शिकलेली टोपली किंवा भंडाऱ्याच्या विणकराने समजावून सांगितलेली करवतकाठीची दातेरी किनार पुस्तकात येत असेल, तर त्या माणसाची परवानगी घ्यावी, त्याचे नाव, त्याला हवे असल्यास, त्या प्रकरणातच द्यावे आणि शिकवण्याचा मोबदलाही द्यावा. ऋणनिर्देशातल्या एका ओळीत "अनेक कारागिरांचे आभार" म्हणून मोकळे होणे योग्य नाही. ज्ञान त्यांचे आहे. आपण ते पानावर उतरवले आहे.

शासनाचे अनुदान मिळते का?

महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची, जे १९६० मध्ये स्थापन झाले, नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकासाठी अनुदान योजना आहे. तिचा भर ललित व वैचारिक साहित्यप्रकारांवर राहिला आहे, त्यामुळे निव्वळ कृती सांगणारे पुस्तक तिच्यात बसेलच असे गृहीत धरू नये. त्या वर्षीच्या जाहिरातीतील साहित्यप्रकार वाचून मगच अर्ज करावा. एखाद्या कलेचा इतिहास, कारागिरांचे जीवन आणि कृती असे पुस्तकाचे मिश्र स्वरूप असेल तर शक्यता वाढते. केवळ अनुदानासाठी पुस्तकाचे स्वरूप बदलू नये, एवढे मात्र सांगावेसे वाटते.

आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक) कोणी घ्यायचा?

प्रकाशकाने. स्वतः पुस्तक काढत असाल तर राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन संस्थेकडे ऑनलाइन अर्ज करून तो विनामूल्य मिळतो; त्यासाठी कोणी पैसे मागत असेल तर देऊ नयेत. स्वप्रकाशकाने आणखी एक कर्तव्य लक्षात ठेवावे : १९५४ च्या कायद्यानुसार प्रकाशनानंतर ३० दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि ठरवून दिलेल्या अन्य तीन सार्वजनिक ग्रंथालयांना प्रत्येकी एक प्रत पाठवावी लागते.

एकाच वेळी अनेक प्रकाशकांना प्रस्ताव पाठवावा का? उत्तराची वाट किती पाहावी?

पाठवावा, परंतु तसे पत्रात नमूद करावे. दोन महिन्यांनी एक सौम्य स्मरणपत्र पाठवावे. दिवाळी अंकांच्या आधीचे महिने आणि मोठ्या साहित्य संमेलनांच्या आसपासचा काळ प्रकाशकांसाठी धावपळीचा असतो. त्या वेळी आलेले मौन म्हणजे नकार नव्हे.

पुस्तक निघाल्यावर विक्रीत लेखकाने काय करायचे?

कृतीचे पुस्तक दुकानाच्या कप्प्यात उभे राहून फारसे विकले जात नाही. ते काम पाहून विकले जाते. नागपुरात याची सोय आहे. दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राच्या हस्तकला मेळ्यात येणारा माणूस आधीच या विषयाकडे वळलेला असतो. तेथे किंवा एखाद्या ग्रंथालयात दोन तासांचे प्रात्यक्षिक करून शेजारी पुस्तक ठेवणे, हे पत्रकार परिषदेपेक्षा कितीतरी परिणामकारक ठरते. १९२३ पासून काम करणाऱ्या विदर्भ साहित्य संघाच्या गावोगावच्या शाखांशीही संपर्क साधावा. सार्वजनिक ग्रंथालये, शाळांतील कार्यानुभवाचे शिक्षक, महिला बचत गट हे तिन्ही ग्राहक प्रकाशकाच्या नेहमीच्या यादीत बहुधा नसतात. ती नावे-पत्ते आपणच जमवून त्याला द्यावेत.

पुस्तक छापून झाल्यावर मापात चूक आढळली तर?

शिल्लक प्रतींत शुद्धिपत्राची चिठ्ठी घालायला प्रकाशकाला त्याच आठवड्यात सांगावे, आणि वर्गातल्या, ओळखीच्या ज्या वाचकांकडे पुस्तक गेले आहे त्यांना स्वतः कळवावे. पुस्तकाच्या शेवटी एक ईमेल पत्ता छापून घ्यावा, म्हणजे वाचक अडला की विचारू शकतो. आलेला प्रत्येक प्रश्न पृष्ठक्रमांकासह एका वहीत नोंदवत जावा. पुनर्मुद्रणाची वेळ येईल तेव्हा प्रकाशक दुरुस्त्यांसाठी जेमतेम आठवडाभर देतो, आणि ती वही तयार असेल तरच तो आठवडा पुरतो.